मायक्रोग्रिड प्रोटेक्शनची लॅब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेणारे शिक्षक, लॅब असिस्टंट आणि प्रोजेक्टवाली मुलं हेच प्रश्न फिरून फिरून पाठवतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. आकड्यांची बहुतेक उदाहरणं एकाच पॅनेलवरची आहेत: ११० व्होल्ट, थ्री फेज, १ केव्हीएचा इन्व्हर्टर. त्यामुळे एका उत्तरातला आकडा दुसऱ्या उत्तरात तसाच चालतो.

१. मायक्रोग्रिड म्हणजे नेमकं काय? कॉलेजच्या छतावर सोलर आहे, तो मायक्रोग्रिड धरायचा का?

नाही. छतावरचा साधा ग्रिड-टाय सोलर महावितरणची लाइन गेली की स्वतःही बंद पडतो. मायक्रोग्रिडला स्वतःचे स्रोत, स्वतःचे लोड आणि एक ठरलेली हद्द असते. गरज पडली तर तो मुख्य ग्रिडपासून सुटून एकटा चालू शकतो. काही मायक्रोग्रिड तर कायमचेच एकटे असतात. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत ग्राम ऊर्जाने २०१२ साली उभारलेला छोटा सोलर मायक्रोग्रिड त्या जातीचा. प्रोटेक्शन शिकवायला जास्त अवघड प्रकार म्हणजे दोन्ही अवस्थांत चालणारा, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे.

२. सिलॅबसमध्ये स्विचगिअर-प्रोटेक्शनची प्रॅक्टिकल आहेतच. आयडीएमटी रिलेचा (करंट जितका जास्त तितक्या लवकर ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) कर्व्ह मुलं काढतात. मग हे वेगळं कशाला?

कारण त्या प्रॅक्टिकलमध्ये रिले नेहमी चालतो. करंट वाढवा, डिस्क फिरते, टायमर थांबतो, कर्व्ह जर्नलमध्ये चिकटतो. "फॉल्ट (शॉर्ट सर्किट) झाला की करंट भरपूर वाढतो" हे गृहीतक मुलांच्या डोक्यात इतकं पक्कं बसतं की कुणी ते तपासतच नाही. सिंक्रोनस जनरेटर किंवा ग्रिड मागे असेल तर ते खरं आहे. जनरेटर सुरुवातीच्या काही सायकलमध्ये रेटेड करंटच्या पाच ते दहा पट देऊन जातो. इन्व्हर्टरच्या आतले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) एवढं सहन करू शकत नाहीत, म्हणून त्याचा कंट्रोल करंट साधारण १.१ ते १.५ पटीवर दाबून धरतो. फॉल्ट आहे, व्होल्टेज कोसळलंय, पण करंट जवळजवळ फुल लोडइतकाच. माझ्या मते या लॅबमध्ये मुलांनी सगळ्यात आधी काय पाहायला हवं, तर शांत बसलेला रिले. सेटिंगचं गणित त्यानंतर.

३. हे आकड्यांत समजावून सांगाल का? मुलांना नुसतं सांगून पटत नाही.

आपल्या पॅनेलवर इन्व्हर्टर १ केव्हीए, ११० व्होल्ट. रेटेड करंट ५.२५ अँपिअर. लिमिटर १.२ पटीवर, म्हणजे फॉल्टला जास्तीत जास्त ६.३ अँपिअर. फीडरवर (लोडकडे जाणाऱ्या शाखेवर) पूर्ण लोड चालू द्यायचा म्हणून रिलेचा पिकअप (ज्या करंटपुढे रिले जागा होतो तो) ७.५ अँपिअर ठेवला आणि टीएमएस (वेळ कमी-जास्त करणारा गुणक) ०.१.

आधी फक्त ग्रिड जोडा. ग्रिडच्या बाजूला प्रत्येक फेजमध्ये २ ओहम आणि फॉल्टच्या जागी १ ओहम, असे एकूण ३ ओहम. फेज व्होल्टेज ६३.५ (११० भागिले √३), म्हणून फॉल्ट करंट सुमारे २१ अँपिअर. पीएसएम, म्हणजे करंट पिकअपच्या किती पट, २.८. आयईसीच्या स्टँडर्ड इन्व्हर्स सूत्रात घाला, म्हणजे टीएमएस गुणिले ०.१४, भागिले (पीएसएमचा ०.०२ वा घात वजा १). उत्तर येतं साधारण ०.६७ सेकंद. रिले ट्रिप होतो, सगळे खूश.

आता ग्रिड काढा, इन्व्हर्टर एकटा ठेवा आणि तोच फॉल्ट त्याच जागी द्या. करंट ६.३, पिकअप ७.५. पीएसएम एकच्या खाली. सूत्रातून येणारा वेळ ऋण, म्हणजे निरर्थक. रिलेच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. पिकअप सहावर आणला तर? मोटर सुरू होतानाच ट्रिप होईल, आणि ६.३ ला पीएसएम १.०५ वर कर्व्ह इतका वर गेलेला असतो की वेळ १० सेकंदांच्याही पुढे जातो. हा दुसरा प्रयोग मुलांना स्वतः करू द्या. "सेटिंग कमी करू की, सर" हे कुणीतरी म्हणतंच.

४. मुलांसमोर खरोखर शॉर्ट सर्किट करायचं? एचओडी परवानगी देत नाहीत.

४१५ व्होल्टवर थेट शॉर्ट करायचा असेल तर त्यांचं बरोबर आहे, देऊ नये. पॅनेलवरचा फॉल्ट हा मर्यादित आणि वेळ बांधलेला असतो. ४१५/११० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, करंट बांधणारे वायरवाउंड रेझिस्टर, फॉल्ट देणारा कॉन्टॅक्टर, आणि तो कॉन्टॅक्टर काहीही झालं तरी २ सेकंदांत उघडणारा टायमर. हा टायमर रिलेवर अवलंबून नको. प्रश्न ३ मधल्या दुसऱ्या भागात रिले उघडणारच नाही, तेव्हा फॉल्ट हाच टायमर काढतो.

याशिवाय मशरूमसारखं लाल इमर्जन्सी बटण, पॅनेलच्या दारावर इंटरलॉक, आणि टेबलाशी कधीही दोघांपेक्षा कमी माणसं नकोत. इन्व्हर्टरचा डीसी लिंक कपॅसिटर सप्लाय काढल्यावरही चार्ज धरून राहतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेली मिनिटं थांबा, मग मीटर लावून बघा, मगच हात घाला. ११० व्होल्ट म्हणजे खेळणं, असं पोरांना वाटू देऊ नका.

५. कमीत कमी सामान किती लागेल?

वर सांगितलेलं फॉल्ट पॅनेल, दोन न्यूमरिकल ओव्हरकरंट रिले (त्यातला निदान एक दिशा ओळखणारा आणि व्होल्टेज इनपुट असलेला), प्रोटेक्शन क्लासचे सीटी (करंट ठरलेल्या प्रमाणात लहान करून रिलेला देणारे ट्रान्सफॉर्मर), लोडसाठी लॅम्प बँक आणि एक छोटी इंडक्शन मोटर, चार चॅनेलचा स्टोरेज ऑसिलोस्कोप. खरी अडचण इन्व्हर्टरची. बाजारातला सोलर इन्व्हर्टर तुम्हाला त्याच्या लिमिटरला हात लावू देत नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये आयजीबीटीचा स्टॅक आणि त्याला चालवणारा डीएसपी बोर्ड धूळ खात असेल तर तो मागून घ्या. करंट लिमिट, अंडरव्होल्टेज ट्रिप, सगळं आपल्या हातात राहतं. ते नसेल तर प्युअर साइनचा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर सिंगल फेजवर चालवून "करंट वाढत नाही" एवढं तरी दाखवता येतं.

६. आमच्याकडे जुने डिस्कवाले सीडीजी रिले आहेत. नवे आले की भंगारात द्यावेत का?

अजिबात नको. न्यूमरिकल रिलेत पिकअप म्हणजे स्क्रीनवरचा आकडा. डिस्कच्या रिलेत पिकअप म्हणजे प्लग, टीएमएस म्हणजे वर फिरवायची डायल, आणि डिस्क सरकायला लागते ती नजरेला दिसते. ५ अँपिअरच्या रिलेत प्लग ७५ टक्क्यांवर ठेवला की सेकंडरीचे ३.७५ अँपिअर, आणि १०/५ सीटीमुळे प्रायमरीचे ७.५. हे आपलंच सेटिंग. प्लग काढला की रिले आपोआप सर्वांत वरच्या टॅपवर जातो. तसं का केलंय हे वायवात विचारा. सीटीची सेकंडरी चालू करंटवर कधीच उघडी पडू नये म्हणून, हे उत्तर ज्याला रिले पाहून सुचतं त्याला सीटी कळला.

पण मर्यादाही आहे. दिशा, व्होल्टेज रिस्ट्रेंट, दोन सेटिंग ग्रुप, इव्हेंट रेकॉर्ड हे काही त्याच्याने होत नाही. पहिलं प्रॅक्टिकल डिस्कवर, पुढची न्यूमरिकलवर.

७. सीटी ५०/५ चे मिळाले, लॅबमधला करंट तर १० च्या आसपास. चालतील?

चालतील. रिंग सीटीच्या भोकातून वायर पाच वेळा न्या, तो १०/५ झाला. अँपिअर-टर्न तेवढेच राहतात, म्हणून अचूकता बिघडत नाही. गोची मोजण्यात होते: भोकातून वायर पाच वेळा गेली तर बाहेर दिसणारे वेढे चारच असतात. मुलं बाहेरचे मोजतात आणि रेशो चुकतो. मोजायचं ते भोकातून किती वेळा गेली हे.

क्लास बघा. ५पी१० लिहिलंय तर तो प्रोटेक्शनचा: रेटेडच्या दहा पटीपर्यंत कंपोझिट एरर ५ टक्क्यांच्या आत. मीटरिंगचा सीटी मीटर जळू नये म्हणून मुद्दाम लवकर सॅच्युरेट होतो. एखाद्या दिवशी तो लावून स्कोपवर चिरलेला वेव्हफॉर्म दाखवायला हरकत नाही, पण सेटिंगच्या प्रॅक्टिकलला तो नको.

८. सेकंडरी इंजेक्शन किट आहे. रिले त्याच्यावरच टेस्ट करतो, फॉल्ट पॅनेलची गरज काय?

किट रिलेला थेट करंट देऊन फक्त रिले तपासतं, संरक्षण तपासत नाही. किटवर रिले उत्तम पास होतो आणि पॅनेलवर सीटीची पोलॅरिटी उलटी असल्याने तोच रिले चुकीच्या दिशेचा फॉल्ट उचलतो. सीटी, वायरिंग, रिले, ट्रिप कॉइल, ब्रेकर ही सगळी साखळी पॅनेलवरच तपासली जाते. क्रम असा ठेवा: आधी किटवर कर्व्ह, मग पॅनेलवर तेच बिंदू. दोन्हीत फरक आला तर तो शोधणं हेच त्या दिवसाचं प्रॅक्टिकल.

९. प्रश्न ३ मधला इन्व्हर्टरचा फॉल्ट मग पकडायचा कसा?

करंट बोलत नाही, पण व्होल्टेज बोलतं. आयलंडमध्ये (ग्रिडपासून सुटून एकट्याने चालताना) ६.३ अँपिअर फॉल्टच्या १ ओहममधून जातात, म्हणजे तिथलं फेज व्होल्टेज ६.३ वर येतं, मूळच्या दहा टक्क्यांवर. व्होल्टेज रिस्ट्रेंट असलेला ओव्हरकरंट (५१व्ही; ५१व्ही, २७, ६७ हे रिलेच्या प्रकारांचे ठरलेले क्रमांक) इथे कामाचा: व्होल्टेज घसरलं की पिकअपही खाली येतो. नेहमीच्या वैशिष्ट्यानुसार २५ टक्के व्होल्टेजच्या खाली पिकअपही २५ टक्के, म्हणजे ७.५ चा १.८७५ अँपिअर. पीएसएम ३.३६, वेळ सुमारे ०.५७ सेकंद. तोच रिले, तोच फॉल्ट, आणि आता ट्रिप होतो.

दुसरा मार्ग दोन सेटिंग ग्रुपचा: मुख्य ब्रेकरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून रिलेला कळतं की ग्रिड आहे की नाही, आणि तो ग्रुप बदलतो. इंडस्ट्रीत याला फार मागणी आहे, पण ती वायर तुटली तर काय होतं हे मुलांकडून करवून घ्या. तिसरा मार्ग डिफरन्शियल, जो करंट किती मोठा आहे याची फिकीर न करता आत गेलेला आणि बाहेर आलेला यातला फरक बघतो. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत नेटका, खर्चाच्या दृष्टीने सगळ्यांत जड. नुसता अंडरव्होल्टेज (२७) पण लावता येतो. मात्र एवढ्याशा जाळ्यात व्होल्टेज सगळीकडेच पडतं, म्हणून फॉल्ट कोणत्या फीडरवर आहे हे तो सांगू शकत नाही.

१०. दोन्ही बाजूंनी स्रोत असताना निरोगी फीडरच ट्रिप होतो. आमचं काय चुकतंय?

वायरिंग नीट असेल तर काहीच नाही. हा मायक्रोग्रिडचा स्वभाव आहे. शेजारच्या फीडरवर फॉल्ट झाला की तुमच्या फीडरवरचा जनरेटर उलट्या दिशेने करंट देतो आणि साधा रिले दिशा बघत नाही. याला सिंपथेटिक ट्रिपिंग म्हणतात. उपाय दिशादर्शक रिले, ६७. प्रॅक्टिकलमध्ये मुद्दाम एका सीटीचे एस१-एस२ उलटे जोडा आणि रिले पुढच्या फॉल्टला "मागे" म्हणतो ते दाखवा.

यातली खाच: बरेच न्यूमरिकल रिले असंतुलित फॉल्टची दिशा निगेटिव्ह सीक्वेन्सवरून (तीन फेजमधला असमतोल दाखवणाऱ्या घटकावरून) ठरवतात. अनेक इन्व्हर्टर निगेटिव्ह सीक्वेन्स करंट दाबून टाकतात. मग ग्रिडवर अचूक चालणारा ६७ आयलंडमध्ये गोंधळतो. आधी एक फेज-फेज फॉल्ट ग्रिडवर द्या, मग इन्व्हर्टरवर, आणि दोन्हीचे फेझर शेजारी शेजारी ठेवा.

११. अँटी-आयलंडिंग म्हणजे आयलंड होऊ न देणं, आणि मायक्रोग्रिड म्हणजे आयलंड करणं. मुलं गोंधळतात, आम्हीही.

ठरवून केलेला आणि न कळत झालेला, हा फरक आहे. लाइनमन डीपीवर चढलाय, फ्यूज काढलाय आणि एखाद्याचा इन्व्हर्टर त्या तारेत वीज सोडतोय, तो नको असलेला आयलंड. आयईईई १५४७ मध्ये तो २ सेकंदांत ओळखून बंद करायला सांगितलंय. मायक्रोग्रिडमध्ये मात्र आधी मुख्य ब्रेकर उघडतो, मग आतला इन्व्हर्टर व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी स्वतः धरतो. ठरवून केलेला आयलंड दर वेळी टिकतोच असं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई काळोखात गेली तेव्हा शहराला वेगळं काढून जिवंत ठेवण्याची योजना होती, ती टिकली नाही.

लॅबमध्ये अँटी-आयलंडिंगसाठी असा लोड हवा की इन्व्हर्टरला ग्रिड गेल्याचं कळूच नये. ५० हर्ट्‌झला रेझोनन्समध्ये असलेला, समांतर जोडलेला आरएलसी लोड, क्वालिटी फॅक्टर १. सिंगल फेज, २३० व्होल्ट, १ किलोवॅटसाठी आर ५२.९ ओहम, एल १६८ मिलिहेन्री, सी ६० मायक्रोफॅरड. मिळेल तो चोक आणि पंख्या-मोटरचे रनिंग कपॅसिटर जुळवून हे जमतं, पण चोक स्वतः खातो ते वॉट मोजून आरच्या १ किलोवॅटमधून वजा करा. ग्रिडमधून येणारा करंट जवळजवळ शून्यावर आणा, मग स्विच उघडा आणि स्कोपवर वेळ मोजा.

१२. आयलंड झाल्यावर टेस्टर न्यूट्रलवरही पेटतो. हे काय?

ट्रान्सफॉर्मरचा अर्थ केलेला न्यूट्रल मुख्य ब्रेकरच्या पलीकडे राहिला असेल आणि ब्रेकरने न्यूट्रलही तोडला असेल, तर तुमच्या आयलंडला अर्थिंगच उरलं नाही. न्यूट्रल तरंगतो. मग बॉडीला फेज लागला तरी फॉल्ट करंट परत यायला रस्ता नाही आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) गप्प बसतो. उपाय: आयलंड होताच न्यूट्रल-अर्थ जोडणारा आणि ग्रिड परत येताच तोडणारा कॉन्टॅक्टर. दोन्ही एकाच वेळी जोडलेले राहिले तर न्यूट्रलचा करंट अर्थमधूनही वाहतो आणि आरसीसीबी उगाच उडतात. हे प्रॅक्टिकल बऱ्याच लॅबमध्ये नसतं आणि असायला हवं, कारण माणूस मरतो तो इथे.

१३. रिलेची वेळ यायच्या आधीच इन्व्हर्टर बंद पडतो. रीडिंगच मिळत नाही.

इन्व्हर्टरचं स्वतःचं संरक्षण रिलेपेक्षा कितीतरी वेगवान असतं. तो बंद पडला की फॉल्ट विझतो, पण अख्खा मायक्रोग्रिडही विझतो. एका फीडरसाठी सगळं होस्टेल अंधारात. सिलेक्टिव्हिटी, म्हणजे फक्त बिघडलेला फीडर तोडणं, गेली ती अशी. स्वतःचा स्टॅक असेल तर अंडरव्होल्टेज ट्रिपची वेळ २ सेकंदांपुढे न्या आणि लिमिटर चालू ठेवा, म्हणजे प्रश्न ९ चं रीडिंग मिळेल. तयार इन्व्हर्टर असेल तर "कोण आधी" हीच शर्यत स्कोपवर मोजा. तेही पूर्ण प्रॅक्टिकल आहे.

१४. सिम्युलेशनवर भागत नाही का? टायफून किंवा आरटीडीएससारखा सिम्युलेटर घेतला तर?

रिअल टाइम सिम्युलेटरला खरा रिले जोडला तर फार छान. जे फॉल्ट पॅनेलवर देणं धोक्याचं ते तिथे द्या. नुसत्या लॅपटॉपवरच्या मॉडेलमध्ये मात्र इन्व्हर्टर बहुधा आदर्श सोर्स म्हणून काढलेला असतो आणि तो फॉल्टला हवा तेवढा करंट देतो. मग मुलांना जे दिसायला हवं नेमकं तेच दिसत नाही. मॉडेलमध्ये लिमिटर आहे का, हे आधी विचारा.

१५. गूस मेसेजिंग शिकवावं का?

गूस म्हणजे नेटवर्कवरून रिलेंनी एकमेकांना पाठवायचे झटपट संदेश. दोन रिले आयईसी ६१८५० (त्या संवादाचं मानक) बोलत असतील तर हो, एका सत्रापुरतं. खालच्या (लोडजवळच्या) रिलेने वरच्याला (स्रोताजवळच्या) "मी बघतोय, तू थांब" असा ब्लॉकिंग सिग्नल द्यायचा. ट्रिपसारख्या तातडीच्या संदेशाला ३ मिलिसेकंदांची अपेक्षा असते. पोच मिळत नाही, म्हणून संदेश पुन्हा पुन्हा पाठवला जातो. वायरशार्क या नेटवर्क तपासण्याच्या सॉफ्टवेअरवर ते स्वच्छ दिसतं. मग नेटवर्कची केबल काढा आणि विचारा, आता वरच्या रिलेने थांबावं की ट्रिप व्हावं?

१६. जर्नल सगळ्यांची सारखीच येतात. मार्क कसे द्यायचे?

प्रत्येक बॅचला वेगळा पिकअप द्या, कॉपी आपोआप उघडी पडते. त्याहून बरं म्हणजे पडद्याआड फॉल्ट देऊन मुलांच्या हाती फक्त रिलेची कॉमट्रेड फाइल (फॉल्टच्या वेळच्या करंट-व्होल्टेजची नोंद) ठेवा. कोणता फॉल्ट, कुठे, ग्रिड होता का, एवढं त्यांनी सांगायचं. एक्स्टर्नल परीक्षकालाही हे आवडतं.

१७. डीसी मायक्रोग्रिडवर हेच पॅनेल वापरता येईल का?

नाही. डीसीला करंटचा शून्यबिंदू नसतो, आर्क आपणहून विझत नाही. एसीचा एमसीबी डीसीवर लावू नका. डीसीचा घेतलात तर बऱ्याच वेळा त्याला पोलॅरिटी असते, उलटा लावला तर आर्क विझवायच्या जागी आतच धरून ठेवतो. शिवाय फॉल्ट होताच कन्व्हर्टरचे कपॅसिटर पहिल्या काही मिलिसेकंदांतच रिकामे होतात, तिथे आयडीएमटीला जागाच नाही. बॅटरी तर ४८ व्होल्टची दिसली तरी शॉर्टला हजारांत अँपिअर देते. वेगळं पॅनेल, फ्यूजसह, आणि वेगळं सत्र.

१८. रिलेवर ट्रिपचा एलईडी लागला नाही, इव्हेंट रेकॉर्ड कोरा, तरी कॉन्टॅक्टर उघडला. मुलं म्हणतात रिले चालला. कोण बरोबर?

रेकॉर्ड बरोबर. फीडरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल तुम्ही त्याच बसवरून (फीडर जोडलेल्या मुख्य पट्टीवरून) दिली असणार. आयलंडमधल्या फॉल्टला व्होल्टेज दहा टक्क्यांवर येतं (प्रश्न ९), आणि एसी कॉन्टॅक्टर कॉइल व्होल्टेजच्या ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी सुटतोच. म्हणजे कॉन्टॅक्टर उपाशी राहून सुटला, कुणी ट्रिप दिलं नाही. दोन फीडर असतील तर दोन्ही सुटतात, त्यावरून लगेच ओळखू येतं. रिलेचाही सप्लाय त्याच बसवर असेल तर तो मध्येच रीस्टार्ट होतो आणि वेळेचा हिशेब विसरतो. कॉइल, रिले आणि टायमर तिघांनाही बॅटरीवरचा वेगळा २४ व्होल्ट डीसी द्या, त्याला साजेशा कॉइलचे कॉन्टॅक्टर घ्या, आणि प्रश्न ३ चं रीडिंग पुन्हा काढा.